भाग संपतो, खेळ संपत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी पंचवटीत राहतो. काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर माझं घर. धंदा संगणक दुरुस्तीचा. २००१ ते २०१३ अशी बारा वर्षं पंचवटी कारंज्याजवळ माझा सायबर कॅफे होता. पण आज मी बोलायला बसलोय तो दुकानदार म्हणून नाही, एक चाहता म्हणून. टीव्हीवरच्या विज्ञानकथा मालिका आणि संगणकावरचे खेळ ही माझी दोन वेडं. चाळीस वर्षं झाली, दोन्ही सुटलेली नाहीत. घरच्यांच्या मते या दोहोंपायी मी आयुष्यातला पुष्कळ वेळ वाया घालवला. तो खरोखर वाया गेला का, याचा हिशेब मांडायची पाळी २०२३ साली माझ्यावर आली. त्याचीच गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात जरा मागून करतो.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' नावाची अमेरिकन मालिका लागायची. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. एकूण ७९ भाग. आपल्याकडे येईपर्यंत ती जुनी झाली होती, पण आम्हाला कोरी करकरीत! आमच्या वाड्यात बिऱ्हाडं अकरा आणि टीव्ही एक. तोही कृष्णधवल, घरमालकांकडचा. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं मागे. एक जण गच्चीवर अँटेना धरायला. इंग्रजी कोणालाच धड कळायचं नाही. टोकदार कानांचा स्पॉक दिसला की आम्ही खूश, एवढंच.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ते गोष्ट मराठीत समजावून सांगायचे. आणि भाग संपला, की घरमालक टीव्ही बंद करायच्या आत आमच्यापैकी एकाला उभं करून विचारायचे, "हं, बोल. कॅप्टनच्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?"

त्या मालिकेत 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' नावाचा एक भाग आहे. १९६७ सालचा. यानावरचा डॉक्टर चुकून भलतंच औषध टोचलं जाऊन भ्रमिष्ट होतो आणि काळाच्या एका दारातून मागे, १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो. तिथे तो एक गोष्ट बदलतो आणि सगळा इतिहासच फिरतो. कॅप्टन कर्क आणि स्पॉक त्याच्या मागोमाग जातात. तिथे ईडिथ कीलर नावाची बाई गोरगरिबांना जेवू घालत असते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. मग कळतं, की ती रस्त्यावरच्या अपघातात मरायला हवी होती आणि डॉक्टरनं तिला वाचवलं, म्हणून पुढचं सगळं बिघडलं. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार. शेवटी अपघाताची वेळ येते. डॉक्टर तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो.

मास्तरांनी त्या दिवशी मला उभं केलं. मी म्हटलं, "मी वाचवलं असतं." मास्तर म्हणाले, "आणि हिटलर?" मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर मी तोच विचार करत होतो. शाळेत जाताना, गंगेवर पोहताना, रात्री गच्चीवर झोपताना. आजही मला पक्कं उत्तर सापडलेलं नाही.

विज्ञानकथेचं काम हे असं असतं. पुष्कळांना वाटतं, की विज्ञानकथा म्हणजे उडत्या तबकड्या, लेसरच्या बंदुका आणि चंदेरी कपडे. ती सगळी वरची सजावट झाली. खरी रीत साधी आहे. जगातली एक गोष्ट बदलायची, बाकीचं जग आहे तसं ठेवायचं आणि मग माणसं कशी वागतात ते पाहायचं. काळात मागे जाता आलं तर? माणसासारखं यंत्र झालं तर? प्रयोगशाळेत एक घटक बदलून परिणाम बघतात, तसाच हा प्रयोग. फक्त परीक्षानळीत माणूस असतो.

आपल्या मराठीत ही रीत डॉ. जयंत नारळीकरांनी घराघरांत नेली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं. आपल्या नावाच्या दबावाखाली परीक्षकांनी निकाल देऊ नये, म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आली. त्यात वामन नावाचा एक बुद्धिमान यंत्रमानव आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपण जी धास्ती बोलून दाखवतो, ती त्यांनी १९८० च्या दशकातच मराठी वाचकांपुढे ठेवली होती. २०२१ च्या डिसेंबरात आमच्या नाशिकला आडगावच्या परिसरात ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही, याची मला फार चुटपुट लागली. २० मे २०२५ रोजी ते गेले. पण विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला मराठी साहित्यानं आपल्या सर्वांत मानाच्या खुर्चीवर बसवलं आणि ते आमच्या गावात घडलं, याचा चाहता म्हणून मला अभिमान आहे.

टीव्हीवर मात्र आपली गाडी तिथवर पोहोचली नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. १९८९ च्या सुमाराला दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' आली. मुलं घरच्या घरी संगणक बनवतात आणि त्यातून काळाचा प्रवास घडतो. ऊर्मिला मातोंडकर आणि करण जोहर त्यात अगदी पोरवयात दिसतात. भाबडी मालिका, पण मुलांच्या हातात पाना-पकड देणारी. मी तीच बघून पहिला रेडिओ उघडला आणि वडिलांचा मार खाल्ला. १९९८ साली 'कॅप्टन व्योम' आला. केतन मेहतांची निर्मिती आणि आपला मिलिंद सोमण नायक. देखावे त्या काळाच्या मानानं झकास. पण भाग संपल्यावर मास्तरांचा प्रश्न विचारावा, असं त्यात थोडंच होतं. चोर पळाला, व्योमनं पकडला, पुढचा चोर. मारामारी आठवते, पेच आठवत नाही. मराठी वाहिन्यांवर तर विज्ञानकथा मालिका शोधूनच काढावी लागते. सासू-सुनांच्या गर्दीत एखादं अंतराळयान उतरायला जागा द्या, असं माझं निर्मात्यांना जुनंच सांगणं आहे.

आता खेळांकडे येतो. मालिका बघताना मास्तरांचा प्रश्न नुसता कल्पनेतला होता. कॅप्टनच्या जागी तू असतास तर? संगणकावरच्या खेळात मात्र तुम्ही खरोखरच कॅप्टनच्या खुर्चीत बसता. हुकूम तुमचा, चूक तुमची. मालिकांचा चाहता खेळांकडे वळतो तो या ओढीनं.

माझ्या कॅफेत आठ मशीन होती. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, कुईकुई आवाज करत. त्याच्यावर ई-मेल उघडायलाच पाच मिनिटं लागायची, खेळ कुठला चालणार! म्हणून आम्ही आठही मशीन केबलनं एका हबला जोडली. याला लॅन म्हणतात. म्हणजे खेळ इंटरनेटवर नाही, दुकानातल्या दुकानात. 'काउंटर स्ट्राइक' आणि 'एज ऑफ एम्पायर्स' या दोन खेळांवर माझं दुकान चाललं. तासाला वीस रुपये. चार पोरं एका बाजूला, चार दुसऱ्या. हरलेल्या टोळीनं कारंज्यावर जाऊन मिसळ चारायची, हा रिवाज. एकमेकांच्या नावानं आरडाओरडा, मग दुकानाबाहेर खांद्यावर हात. आणि रात्री नऊला मी शटर ओढलं, की खेळ खलास. हे शटर लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

दूरदूरच्या माणसांनी एकत्र खेळायचा खरा ऑनलाइन खेळ कसा असतो, तेही सांगतो. त्यात खेळाचं जग एका मोठ्या संगणकावर असतं. त्याला सर्व्हर म्हणतात. तुमच्या मशीनवर फक्त त्याचं चित्र येतं. तुम्ही बटण दाबलं, की निरोप सर्व्हरकडे जातो, तिथून सगळ्यांना कळवला जातो. या जाण्यायेण्याला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. तुमचं मशीन बंद झालं तरी ते जग चालूच राहतं. तुम्ही झोपलात, तरी तिथे बाजार भरतो, लढाया होतात.

या जगात किती खरं घडू शकतं, त्याचं एक उदाहरण आहे. २००४ साली आलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा असाच खेळ. त्यात २००५ च्या सप्टेंबरात एक गंमत झाली. एका दुर्गम ठिकाणच्या राक्षसाशी लढताना खेळाडूंना एक संसर्ग व्हायचा. तो तिथल्या तिथे संपेल, असं खेळ बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो बाहेर शहरांत आला. नवखे खेळाडू पटापट मरू लागले. संगणकानं चालवलेली दुकानदारांसारखी पात्रं स्वतः आजारी न पडता रोग पसरवत राहिली. काही खेळाडू इतरांना बरं करायला धावले. काही शहर सोडून पळाले. काही नुसतं बघायला गेले आणि रोग घेऊन आले. काहींनी तर तो मुद्दाम पसरवला. शेवटी कंपनीला सर्व्हर नव्यानं चालू करावे लागले. रोगप्रसाराचा अभ्यास करणाऱ्या दोघा संशोधकांनी २००७ साली 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांवरच्या नियतकालिकात यावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की साथीत माणसं कशी वागतात, ते अशा खेळातून शिकता येईल. तेव्हा कॅफेतल्या पोरांना मी हे सांगितलं, तर ती हसली. २०२० साली हिरावाडीच्या रस्त्यावर बांबू बांधलेले पाहिले, लक्षणं नसताना रोग पसरवणाऱ्यांची चर्चा ऐकली, तेव्हा त्यांच्यातल्या दोघांनी मला आपणहून फोन केला.

म्हणून मी कोणी खेळाला सरसकट नावं ठेवली, की भांडतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं. त्यात भारताच्या तीर्थ मेहतानं कांस्यपदक मिळवलं. २०२३ साली हांगझोऊला झालेल्या स्पर्धेत तर ई-स्पोर्ट्सची पदकं अधिकृतच होती. हा खेळच आहे. सराव, डोकं आणि संघभावना सगळं लागतं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगताना माझी मान खाली जाते. कॅफेच्या दिवसांत एकदा एक बाई दारात आल्या. "दादा, माझा मुलगा आहे का हो इथं? क्लासला गेलेला नाही." मुलगा मागच्या खुर्चीत, पडद्याआड होता. त्यानं मला हातानं खूण केली. मी म्हणालो, "आत्ताच गेला ताई." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि उन्हात निघून गेल्या. तासाच्या वीस रुपयांसाठी मी खोटं बोललो. हे वीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलचा डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला. २०१८ साली 'पबजी' मोबाइलवर आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शेवटी एक उरतो. चौकाचौकांत पोरं माना खाली घालून बसलेली दिसू लागली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं त्याच्यावर बंदी आणली. पुढच्या वर्षी तो नव्या नावानं परतला. कॅफे तर केव्हाच गेले होते. आणि कॅफेबरोबर काय गेलं? शटर गेलं. आता रात्री नऊला खेळ बंद करणारं कोणी उरलं नाही.

मोबाइलवरचे खेळ माणसाला धरून कसे ठेवतात, त्याचंही एक शास्त्र आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळाला, तर कबुतर पोट भरलं की थांबतं. पण कधी मिळतो, कधी नाही, आणि केव्हा मिळेल ते कळत नाही, असं केलं, की कबुतर चोच मारतच राहतं. दाणे बंद केले, तरी फार उशिरापर्यंत मारत राहतं. रोज हजेरी लावली की बक्षीस, बंद पेटीत काय निघेल ते ठाऊक नाही, एका गुणानं हुकलेला डाव, आज नाही आलात तर गेलं, हे सगळे त्या दाण्याचेच प्रकार.

आम्हा पंचवटीकरांना हे समजायला अमेरिकन कबुतर कशाला हवं? सोन्याचं हरीण आमच्याच अंगणात आलं होतं! वाल्मीकींनी मारीचाचं वर्णन केलंय, त्यात ते हरीण सरळ पळून जात नाही. क्षणात दिसतं, क्षणात नाहीसं होतं. आता हाती लागलं असं वाटावं आणि पुन्हा झाडाआड. असं करत करत ते रामाला आश्रमापासून लांब नेतं. हरीण सरळ पळालं असतं, तर राम कदाचित मागे फिरला असता. मधूनमधून दिसत राहण्यातच सगळी युक्ती आहे. आणखी एक गंमत म्हणजे, आपण जिची एवढी चर्चा करतो ती लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती नंतरच्या कथांमधून आली. म्हणजे रेषा आयती मिळालेली नाही. ती मागाहून माणसांनी, आपली गरज ओळखून आखली.

आता २०२३ ची गोष्ट. माझी ताई मखमलाबादला दिली आहे. त्यांची द्राक्षबाग आहे. तिचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला मालिकांचं आणि खेळांचं वेड लावलं ते मीच. एक दिवस ताईचा फोन आला. "अरे, पोरानं फी भरलीच नाही रे. कॉलेजातून विचारायला फोन आलाय." द्राक्षाच्या हंगामातले बाजूला काढलेले ४२,००० रुपये होते ते. पैसे लावून पत्ते खेळायच्या एका ॲपवर दीड महिन्यात गेले. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मामा, पहिल्या दिवशी दोनशे जिंकलो होतो." दाणा!

मी संगणकवाला असल्यानं त्याच्यापुढे कागद घेऊन बसलो. म्हटलं, समजा चौघांनी शंभर-शंभर लावले. डबा चारशेचा. कंपनी त्यातून चाळीस आपले म्हणून काढते, जिंकणाऱ्याला ३६० मिळतात. असे दहा डाव झाले. चौघंही सारखेच हुशार आहेत, सारखेच जिंकतात असं धर. तरी दहा डावांनी टेबलावरून चारशे रुपये गेलेच. प्रत्येकाचे शंभर. तुम्ही एकमेकांशी खेळता असं तुम्हाला वाटतं, पण खुर्ची न सोडणारा पाचवा एक असतो आणि तो कधीच हरत नाही. यात तू किती चांगला खेळतोस, हा प्रश्न दुय्यम आहे. बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला.

पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांविषयी कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यानं तीन वेगळे प्रकार केले. ई-स्पोर्ट्स, पैसे न लावता करमणुकीसाठी खेळायचे खेळ आणि पैसे लावून खेळायचे खेळ. पहिल्या दोहोंना उत्तेजन, तिसऱ्याला बंदी. मग तो कौशल्याचा असो, की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ही वर्गवारी मला पटते. पण कायदा झाला म्हणून हरिणं संपत नाहीत. दुसरं नाव घेऊन येणारे असतातच.

फीची व्यवस्था आम्ही घरच्यांनी मिळून केली. पण पोरगा कोमेजून गेला होता. बोलेना. मग मला सुचलं ते मी केलं. रविवारी सकाळी त्याला घरी बोलावलं आणि 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या पिढीच्या मालिकेतला १९९१ सालचा 'द गेम' हा भाग लावला. मी तो ऐन तारुण्यात केबलवर पाहिला होता. त्यात यानावरचा एक अधिकारी सुट्टीवरून डोक्यावर लावायचा एक खेळ घेऊन येतो. खेळ अगदी फालतू. डोळ्यांपुढे दिसणारी चकती नरसाळ्यात घालायची. जमलं की मेंदूला सुखाची झिणझिणी. बघता बघता सगळं यान त्याच्या आहारी जातं. हुशार, शिकलेले, शूर अधिकारी, सगळे! दोन तरुण पोरं तेवढी शंका घेतात. मला हा भाग आवडतो तो याचसाठी. खेळ भारी असायची गरज नसते, आणि माणूस मूर्ख असायचीही नसते, हे त्यात नेमकं दाखवलंय.

भाग संपला. मी मास्तरांचा प्रश्न विचारला. भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, यात एक चूक आहे. इथं सगळे एकदम खेळतायत, एकमेकांना खेळ देतायत. मी एकटा होतो. पांघरुणात, आवाज बंद करून. पबजी खेळताना मी आईसमोर ओरडायचो. हे खेळताना मी कुणालाच सांगितलं नाही."

चाळीस वर्षं मालिका बघून मला जे दिसलं नव्हतं, ते त्यानं सांगितलं.

त्यानंतर आम्ही २०१७ चा 'यूएसएस कॅलिस्टर' पाहिला. 'ब्लॅक मिरर' मालिकेतला. ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या कंपनीतला एक अबोल तंत्रज्ञ. एका जुन्या अंतराळ मालिकेचा जबरदस्त चाहता. तो खेळाची स्वतःपुरती एक प्रत बनवतो, सहकाऱ्यांच्या हुबेहूब डिजिटल प्रतिकृती त्यात कोंडतो आणि त्यांचा कॅप्टन होऊन त्यांना छळतो. हा भाग आम्हा चाहत्यांच्या थोबाडीत आहे. मालिकेतला कपडा, बोलणं, यान सगळं पाठ केलं, पण कॅप्टनचा चांगुलपणा घेतला नाही. आणि याही गोष्टीत कडी लावलेल्या खोलीत एकटंच खेळणं आहे. २०२५ साली याचा पुढचा भाग आला. त्यात ती सुटलेली माणसं ऑनलाइन खेळात जगतायत आणि तिथे प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात, म्हणून इतर खेळाडूंना लुटतायत. तो पाहताना भाचा पहिल्यांदा मोकळेपणानं हसला.

मंडळी, या सगळ्यातून मी माझ्यापुरत्या तीन खुणा ठरवल्या आहेत. आईवडील मला विचारतात, पोरगं मोबाइलवर खेळतं, काळजी करू का? त्यांना मी सांगतो, किती तास खेळतो हे नंतर मोजा. आधी तीन गोष्टी बघा. पहिली, शटर आहे का? म्हणजे थांबायची जागा ठरलेली आहे का? दुसरी, सोबत कोण आहे? मित्र, भावंडं, संघ, की पांघरूण? तिसरी, हरल्यावर काय जातं? मिसळ चारावी लागते, की फी जाते? तिन्हींची उत्तरं ठीक असतील, तर पोराला खेळू द्या, जमलं तर शेजारी बसून बघा. आणि हो, मालिकांनाही पहिली खूण लावा. हल्ली भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. मास्तरांना प्रश्न विचारायला फट राहिलेली नाही. ती आपणच पाडायला हवी.

जास्त खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो, हेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाची नोंद आजारांच्या यादीत घेतली आहे, पण तिचा निकष कडक आहे. स्वतःला आवरता न येणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ असणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं आणि हे साधारण वर्षभर असणं. तसं वाटलं, तर लाजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. त्यावर मनाच्या कुठल्याही त्रासाबद्दल बोलता येतं.

भाच्याचं शिक्षण मार्गी लागलं. रविवारी सकाळी तो येतो. आम्ही एकच भाग बघतो, मग मी टीव्ही बंद करतो. मास्तर आता नाहीत, वाडाही पडला. पण प्रश्न चालू आहे. मागच्या रविवारी ईडिथ कीलरचा भाग लावला होता. बघून झाल्यावर मी विचारायच्या आत त्यानंच मला विचारलं, "मामा, तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही रे."